सावलीतून ओढलेलं घर

आमचं चिलोए बेट पृथ्वीच्या दक्षिण भागात, इथे सूर्य उत्तरेकडून जातो आणि पाऊसही उत्तरेकडूनच येतो. सगळी गोची तिथे आहे. पावसाकडे पाठ करून घर बसवावं तर उन्हाकडेही पाठ होते, आणि उन्हाकडे तोंड करावं तर उत्तरेचा वारा छपराच्या फळ्या उपटून समुद्रात नेऊन टाकतो. चिलोएत जन्मलेला माणूस या दोघांपैकी एकाशी वैर पत्करतो आणि मग जन्मभर सांगत सुटतो की आपलंच बरोबर होतं.

माझं नाव नोल्बेर्तो. माझ्याकडे बैलांची एक जोडी आहे, क्लावेल आणि पालोमो. तोंड जरा फटकळ आहे, असं माझी बायको म्हणायची. ती असती तर हीच हकिकत तिने कमी शिव्या घालून सांगितली असती.

हकिकत आहे ओतिलियाची. माझ्या रस्त्यापलीकडची शेजारीण. तिचा नवरा आर्नोल्दो समुद्रावर गेला तो परत आलाच नाही, आणि वर्ष सरतंय न सरतंय तोच तिचा दीर फिलिदोर कास्त्रो शहरातून उगवला. कास्त्रोत त्याचं खिळे-पत्र्यांचं दुकान आहे. अंगात चांगला कोट, तोंडात गोड भाषा. म्हणाला, "वहिनी, किनाऱ्यावरची जमीन वडिलांनी माझ्या नावावर केली होती, तुम्हाला ठाऊकच आहे. घर तुमचं, त्यावर माझा हक्क नाही. घर उचला, नाहीतर मला विका." बाईमाणूस घर कुठे उचलणार, असा त्याचा हिशेब होता. तिने उचललं.

आमच्याकडे घर उचलणं ही चेष्टा नाही. घरं लाकडाची, भिंतीही लाकडी फळ्यांच्या. खाली दोन लांबलचक ओंडके सरकवायचे, पुढे बैलांच्या जोड्या जुंपायच्या, मागून अख्खं गाव रेटा देतं, आणि घर चुलीसकट, खिडक्यांसकट निघतं. याला मिंगा म्हणतात. ज्याला गरज आहे त्याने दारोदार जाऊन विनवणी करायची. विनवणी केली की कुणी नाही म्हणत नाही. घर जागेवर पोचलं की त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि तिथे हिशेब मिटला. मात्र एका घरासाठी विनवणी एकदाच. दुसऱ्यांदा कुणी गेलेलं मी तरी ऐकलेलं नाही. गाव म्हणजे काय भाड्याची गाडी आहे का, असं म्हातारे म्हणतात.

ओतिलियाने फेब्रुवारीत विनवणी केली, बारा जोड्या आल्या. पुढारी अर्थातच बेलार्मिनोकाका. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि त्यांच्या शब्दाशिवाय एक बैल पाय उचलणार नाही. ओतिलियाच्या बापाची जमिनीची एक लांबट पट्टी होती. तिच्या उत्तर टोकाला टेकडी, टेकडीवर उंच जुनी झाडं, पायथ्याशी खोलगट जागा आणि मग जमीन पलीकडे हळूहळू चढत गेलेली. काकांनी खोलगट जागेत काठी रोवली. "इथे. टेकडी पाठीशी आहे, वाऱ्याला हे घर सापडायचं नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ऊन इतकं होतं की टेकडीच्या बुडाशी जी वीतभर सावली होती तिच्यात बसायला आमच्यात मारामारी चालली होती. घर तिथे बसवलं. तापल्या दगडांवर शिंपले, डुक्कर आणि बटाटे वाफवले होते. सफरचंदाची दारू वाहत होती. झकास दिवस गेला.

मग एप्रिल आला, आणि सूर्य खाली उतरायला लागला.

मी समोरच राहतो, म्हणून मला रोज दिसायचं. भर दुपारी टेकडीची सावली आधी तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याला शिवली, मग पायरीला, मग खिडकीच्या खालच्या कडेला. मेच्या मध्यावर सूर्य एकदा झाडांच्या मागे शिरला आणि त्यांच्या मागून मागूनच मावळतीला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या अंगणात ऊन, रस्त्यावर ऊन, आणि ओतिलियाचं घर विहिरीत ठेवल्यासारखं.

ती जमिनीलगतच्या मागावर घोंगड्या विणते. हिवाळाभर विणायचं आणि उन्हाळ्यात कास्त्रोच्या बाजारात विकायचं, त्यावर तिचं घर चालतं. मी एकदा चुलीशी बसायला गेलो तर ती गुडघ्यांवर बसून धागे खिडकीकडे धरून बघत होती.

"हा काळा की तपकिरी?" तिने विचारलं.

"काळा."

"तपकिरी आहे. कालचा अख्खा दिवस मी चुकीचा विणलाय, आता उसवतेय."

धुतलेली लोकर आठवडा झाला तरी ओलीच. भिंतीला हिरवट बुरशी. दिवा लावला तरी रंग ओळखू येईनात, आणि वारा सुटला की वीज जायचीच. चूल दिवसरात्र पेटती, आणि मागची लाकडाची रास बघता बघता निम्मी झालेली. त्यात तिला खोकला लागला होता. मला गावाचा राग आला, टेकडीचा आला, आणि सगळ्यांत जास्त फिलिदोरचा आला, कारण तो कुठून कसा वास काढतो कोण जाणे, त्याच आठवड्यात येऊन टपकला.

दारातच उभा राहिला. आत ओल होती ना, कोट खराब झाला असता.

"वहिनी, हट्ट पुरे झाला. या घरात माणूस राहतं का? मला विका. लाकूड चांगलं आहे, अजून कुजलेलं नाही. दुकानामागे एक खोली रिकामी आहे, तिथे राहा. टीव्ही आहे. माझ्या बायकोची खाणावळ आहे, तिला जरा हातभार लावा, धुणं, भांडी, एवढंच. घरच्यासारखं."

ओतिलियाने त्याच्याकडे न बघता विचारलं, "भावजी, त्या खोलीला कडी आतून आहे का?"

तो हसला. "आतून कशाला हवी? घरचीच माणसं."

"मग ती खोली नाही, कोठार आहे."

"बघा बाई. ऑगस्टमध्ये मी ट्रक घेऊन येतोच. तोवर तुम्हीच म्हणाल, घेऊन जा."

तो गेल्यावर तिने चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "नोल्बेर्तोदादा, मी तिथे गेले ना, तर मेल्याशिवाय बाहेर यायची नाही. दुसऱ्याची भांडी घासत मरेन." ती रडली नाही. मीच उठून माझी वाटी उचलून विसळायला घेतली.

जूनमध्ये एक नवीन खूळ सुरू झालं. आकाश मोकळं असेल त्या दिवशी ती बगलेत काठ्या घेऊन शेतात हिंडायची आणि मधूनच एखादी ठोकायची. गावाला तेवढंच हवं होतं. विधवा बाई सावलीत राहून सटकली, असं खाटकाच्या दुकानात ऐकलं आणि मी तिथे दोघांशी भांडलो. मग घरी येताना वाटलं, विचारून तरी बघावं.

"हे काय चाललंय?"

"पांढरं दव बघा," ती म्हणाली.

रात्रीचं गोठलेलं दव खोलगट जागेत भर दुपारीही पसरलेलं होतं. ते एका ठिकाणी सुरीने कापल्यासारखं संपत होतं आणि पुढे हिरवं गवत. बरोबर त्या रेषेवर तिची काठी.

"दव राहतं तिथपर्यंत सावली. रोज रेषा पुढे सरकते, माझ्या घरापासून लांब. पण दिवसागणिक कमी सरकतेय. जूनअखेरीस, सान हुआनच्या सणाच्या सुमाराला थांबेल आणि मागे फिरेल. जिथे थांबेल त्याच्या पलीकडे जे आहे तिथे बारा महिने ऊन आहे."

मी पलीकडे बघितलं. तिची पट्टी तिथे वर चढत होती आणि चढाचं तोंड थेट सूर्याकडे होतं. बाकी सगळ्या गावाचं गवत करपलेलं, आणि त्या चढावर मेंढ्यांना दातांखाली धरता येईल असं कोवळं गवत होतं. तिथे वारा मात्र असा की माझी टोपी उडाली.

"घर तिथे न्यायचं म्हणतेस?"

"न्यायचंच."

"विनवणी दुसऱ्यांदा नाही होत, ओतिलिया."

"बघू," ती म्हणाली आणि काठी ठोकली.

सान हुआनचा सण आटोपल्यावर ती बेलार्मिनोकाकांकडे गेली, मला बरोबर घेऊन. स्वयंपाकघरात काका चुलीला पाय लावून बसले होते. शाळेच्या नोएमीबाई त्यांच्याच माडीवर भाड्याने राहतात, त्याही खाली आल्या होत्या, कारण वीज गेली होती आणि ऊब तेवढी तिथेच होती. ओतिलियाने आपलं म्हणणं सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे खरं.

"पोरी," ते म्हणाले, "हिवाळ्यात सूर्य लांब जातो. जानेवारीत जवळ येतो. रेडिओवर दरवर्षी सांगतात, नवीन वर्ष लागलं की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते. म्हणून तर उन्हाळा. आता तो लांब गेला तो सगळ्यांनाच लांब गेला. चढावर नेलंस म्हणून काय तू त्याला गाठणार आहेस? थंडी ती थंडीच. वर वाऱ्यात घर नेऊन एकाचे दोन ताप कशाला?"

आता हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मला ते पटलेलंही होतं. आमच्याकडे ते पटतंच. जानेवारीत जवळ, जानेवारीत गरम. यात खोट काढायला जागा कुठे आहे?

ओतिलिया म्हणाली, "काका, तो लांब गेला असता तर तुमच्या अंगणातलं दवही माझ्याइतकंच टिकलं असतं. तुमचं सकाळीच विरतं. तो लांब गेलेला नाही, खाली उतरलाय. फेब्रुवारीत टेकडीच्या डोक्यावरून जात होता, आता तिच्या आडून जातो."

"खाली काय आणि लांब काय, एकच."

"एकच कसं? तुमचा लेक ओस्वाल्दो नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात आहे ना? जानेवारीत फोटो पाठवतो तो कसला?"

काकांनी नाइलाजाने सांगितलं, "दारातलं बर्फ काढताना."

"छातीइतकं बर्फ. तोही याच पृथ्वीवर राहतो ना? पृथ्वी जवळ गेली तर त्याच्यासकट गेली असेल. मग त्याला का ऊब मिळत नाही?"

काकांनी चुलीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ओस्वाल्दो लहानपणापासूनच कमनशिबी आहे," ते म्हणाले.

मी हसलो तसे ते भडकले. नोएमीबाईंनी मध्ये पडून सावरलं. "काका, रेडिओवर सांगतात ते खोटं नाही. जानेवारीत आपण जवळ असतो, पण तो फरक इतका किरकोळ आहे की त्याने ऋतू होत नाहीत. ऋतू होतात ते पृथ्वी कललेली आहे म्हणून. डिसेंबर-जानेवारीत आपली बाजू सूर्याकडे झुकलेली असते, ऊन डोक्यावरून सरळ पडतं. आता जूनमध्ये ओस्वाल्दोची बाजू झुकलीय, आणि आपल्याला ते तिरपं मिळतं." त्यांनी हातातली बॅटरी टेबलावर सरळ खाली धरली. लहानसं, लख्ख वर्तुळ पडलं. मग बॅटरी आडवी करत नेली तसा उजेड पावाच्या टोपलीपर्यंत लांबत गेला आणि फिका पडला. "बॅटरी तीच, उजेड तेवढाच. जास्त जागेवर पसरला, म्हणून प्रत्येक जागेच्या वाट्याला कमी."

ओतिलियाने पाव कापायची फळी उचलली आणि त्या फिक्या उजेडात तिरपी धरली, बॅटरीकडे तोंड करून. फळीवरचा उजेड पुन्हा आखडला आणि लख्ख झाला.

"हा माझा चढ," ती म्हणाली.

मी त्या फळीकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं मी त्या चढाच्या गवताबद्दल म्हणायचो की तिथली माती चांगली. माती कसली चांगली, दगड आहेत नुसते.

काकांनाही ते दिसलं. पण दिसलं म्हणून मान्य करावं असा काही नियम नाही. "ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण विनवणी एकदाच. तू केलीस, गाव आलं, घर पोचलं, आपण जेवलो. संपलं. उद्या प्रत्येक जण घर इकडून तिकडे फिरवायला लागला तर आमच्या बैलांनी दुसरं काही करायचं की नाही?"

ओतिलिया उठली. तिने शाल घट्ट ओढून घेतली आणि फार शांतपणे म्हणाली, "मी दुसऱ्यांदा विनवणी करायला आलेली नाही, काका. माझी पहिलीच मिंगा अजून संपलेली नाही. घर पोचलेलंच नाही. तुम्ही सगळे वाटेत जेवलात."

"काय बोलतेस?"

"राहता येईल अशा जागी घर नेऊन द्यायचं, त्याला मिंगा म्हणतात. तुम्ही माझं घर सावलीत सोडलंत आणि ताटावर बसलात. आता उरलेलं काम करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सोमवारी सुरुवात करतेय."

आणि ती निघाली. असं काकांशी त्यांच्या बायकोनेसुद्धा कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी तिने खरंच सुरुवात केली. ट्रॅक्टरवाल्याकडून जॅक आणला, घराचा एक कोपरा उचलला, खालचा दगड काढला, आणि ओंडका रेटायला लागली. एकटी. मी समोरून बघत होतो. एका बाईने एकटीने घराखाली ओंडका घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, घर अंगावर आलं तर चटणी होईल. मी शिव्या घालत पहार घेतली आणि गेलो. दुसऱ्या दिवशी खाटीक आला, "नुसतं बघायला." मग त्याचा भाऊ त्याला शोधायला आला. बघ्यांनी हात खिशात घालून किती वेळ उभं राहायचं? थंडी होती, हात चालवला की ऊब येते.

बेलार्मिनोकाका तिसऱ्या दिवशी आले. रस्त्यावरच उभे, गळ्यात शिट्टी नाही, म्हणजे आपण कामावर नाही हे सगळ्यांना कळावं. बराच वेळ कुंपणाला टेकून बघत राहिले. आम्ही डावा ओंडका लावत होतो, आणि मी कबूल करतो, तो वाकडा लागला होता.

"असा लावलात तर पहिल्याच ओढीला घर कुशीवर पडेल," ते तिथूनच ओरडले.

आम्ही रेटतच राहिलो. ओतिलियाने तर मानही वर केली नाही.

"पडेल म्हणतोय ना मी."

तरी कुणी थांबेना. मग त्यांच्याने राहवेना. कुंपण ओलांडून आले, माझ्या हातातली पहार हिसकावली आणि "गाढव आहेस, नोल्बेर्तो, आणि तुझे बैल तुझ्यापेक्षा शहाणे आहेत" असं म्हणून ओंडक्याशी भिडले. मी खूश झालो. संध्याकाळी त्यांनी एका मुलीला घरी पिटाळून शिट्टी मागवली.

ओढायचं कधी हाही प्रश्नच होता. हिवाळ्यात आमची जमीन म्हणजे राड. बैलांचे पाय रुततात आणि घर जागचं हलत नाही, म्हणून तर मिंगा उन्हाळ्यात होतात. ओतिलिया म्हणाली, "सावलीत जमीन दिवसभर गोठलेली असते. तिच्यावरूनच ओढा. इतके महिने सावलीने मला छळलं, आता तिला कामाला लावू." काकांनी मिशीवर हात फिरवला. म्हणजे पसंत पडलं.

जुलैच्या मध्यावर लागोपाठ दोन निरभ्र रात्री मिळाल्या. सकाळी सात जोड्या आल्या. बारा नाही, सात. पाच घरांनी पाठ फिरवली, त्यांची नावं मला पाठ आहेत. काकांनी शिट्टी फुंकली, बैलांनी माना खाली घातल्या, आम्ही मागून खांदे लावले. घर कुरकुरलं आणि निघालं. दगडासारख्या जमिनीवरून ओंडके जसे सरकले तसे फेब्रुवारीतही सरकले नव्हते. पहिली काठी गेली, दुसरी गेली. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, कारण बाईसाहेबांनी काही काढून ठेवलं नव्हतं. घरासकट संसार न्यायचा तर सगळा न्यायचा, म्हणाली.

दुपारी आम्ही उन्हाच्या रेषेवर पोचलो आणि तिथे माशी शिंकली. रेषेच्या अलीकडे जमीन कडक, पलीकडे ऊन लागलेली, विरघळलेली राड. घराचा पुढचा भाग उन्हात गेला आणि ओंडके फचकन रुतले. माझा क्लावेल गुडघ्यावर आला. काकांनी तीनदा शिट्टी दिली, तीनदा दोर ताणले गेले, घर तसूभर हललं नाही.

सगळे धापा टाकत होते. पुढच्या खोलीच्या बाजूच्या खिडकीतून ऊन आत पडलं होतं, आणि मागचं अर्धं घर काळोखात.

काका तिच्याजवळ गेले. "पोरी, पुढची खोली उन्हात आली. माग तिथे मांड. इथेच बसवू. बैल मरतील आता."

खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की हो म्हणावं. अर्धं का होईना, ऊन मिळालं होतं. क्लावेलच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

"आज जुलैचा मध्य आहे, काका," ओतिलिया म्हणाली. "सावली मागे हटायला लागलीय म्हणून ही खोली उन्हात आहे. सान हुआनची काठी ती बघा, वर. पुढच्या जूनमध्ये सावली तिथे असणार आणि मी पुन्हा तिच्यात. मग तुम्ही म्हणाल, दोनदा ओढून दिलं, आता काय. मला अर्धं घर नको."

"मग काय करायचं ते तूच सांग."

ती घरामागे गेली. जुन्या जागेवर तिची लाकडाची रास होती, उरलेल्या हिवाळ्याचं सगळं सरपण. तिने कवेत मावतील तेवढे लाकडाचे तुकडे आणले आणि बैलांच्या पुढे राडीत टाकले. पुन्हा गेली, पुन्हा आणले. खाटीक म्हणाला, "अगं, जाळशील काय मग?"

"उन्हात कमी लागेल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी गेलो, आणि मग सगळेच. अख्खी रास वाहून आणली आणि रस्त्यासारखी अंथरली, तिच्या चुलीचा ऑगस्ट आणि सप्टेंबर. राडीत पाय रुतायचा थांबेपर्यंत. काकांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकण्याआधी स्वतः मागे येऊन भिंतीला खांदा लावला. सत्तरी उलटलेला माणूस. मग फुंकली.

घर राडीतून सुटलं तेव्हा मी तोंडावर पडलो. उठून बघतो तर ते सरपणावरून गडगडत चढ चढत होतं. सान हुआनच्या काठीपाशी काकांनी हात वर केला. ओतिलियाने मान हलवली आणि पुढे बोट दाखवलं. काकांनी मला ऐकू येईल अशी एक शिवी घातली आणि बैल पुढे काढले. काठी घराच्या मागे पडली, चांगली घराच्या लांबीइतकी मागे, तेव्हा ती म्हणाली, "पोचलं."

जेवायला उकडलेले बटाटे होते आणि खारवलेला मासा. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आता उन्हाची आणि वाऱ्याची गाठ आमच्याकडे कशी आहे ते मी सुरुवातीलाच सांगितलंय. ऑगस्टमध्ये उत्तरेचं वादळ आलं. खोलगट जागेत ते तिला शिवलंही नसतं. चढावर त्याने छपराच्या निम्म्या फळ्या नेल्या, काही माझ्या अंगणात सापडल्या, बाकीच्या देवाला ठाऊक. सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. मी शिडी घेऊन गेलो तर ती आधीच वर, कमरेला हातोडी. मी खालून शिडी धरली. तिचा खोकला तीन आठवड्यांत गेला होता, वरून ती मला दणदणीत आवाजात फळी इकडे दे, तिकडे दे, असं सुनावत होती.

तेवढ्यात फिलिदोरचा ट्रक आला. रिकामा. सांगितल्याप्रमाणे ऑगस्टमध्ये आला, शब्दाचा पक्का माणूस. खाली उतरला, उघडं छप्पर बघितलं, आणि तोंडावर असं दुःख आणलं की मला त्याला शिडीच मारावीशी वाटली.

"वहिनी, कशाला जिवाचे हाल करून घेता? तिथे ओल, इथे वारा. हे लाकूड असंच एकेक करून जाणार. आत्ता द्या, अजून भाव येईल."

ओतिलिया छपरावर उभी राहिली. ऊन तिच्या अंगावर होतं, डोळ्यांवर हात धरून तिने खाली बघितलं.

"भावजी, वारा काल आला आणि आज गेला. मी फळ्या ठोकतेय. पुन्हा येईल, पुन्हा ठोकेन. तो भांडायला तरी येतो. ती सावली भांडतही नव्हती, नुसती येऊन बसली होती, तुमच्या त्या खोलीसारखी." तिने हातोडी दुसऱ्या हातात घेतली. "घर मी विकणार नाही. आज नाही, छप्पर सगळं गेलं तरी नाही. आता आलाच आहात तर तो खिळ्यांचा डबा द्या वर."

फिलिदोरने ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी शिडी सोडणार नव्हतो हे त्याला दिसत होतं. त्याने कोट काढला, घडी घालून बॉनेटवर ठेवला, डबा उचलला आणि तीन पायऱ्या चढून वर हात केला. सवयच ती, दुकानदाराची. एक खिळा काढून दिला, मग दुसरा, मग तिसरा.

"मोजू नका, भावजी," ती म्हणाली. "मुठीने द्या."

आणि त्याने मुठीने दिले.